‘ब्रॉख’ आणि ‘बुरूज’: लिहिताना या चुका टाळा

स्कॉटलंडच्या उत्तर आणि पश्चिम भागांतल्या लोहयुगीन गोल दगडी मनोऱ्यांना ‘ब्रॉख’ म्हणतात. मराठीत ते हमखास ‘ब्रोच’ होऊन येतं, आणि ब्रोच म्हणजे पदराला लावायची पिन! शेवटचा ध्वनी घशात घासून काढायचा, उर्दू ‘खबर’मधल्यासारखा.

सगळ्यात मोहात पाडणारी चूक म्हणजे ब्रॉखला आपल्या ‘बुरुजा’शी जोडणं. बुरूज आला अरबी ‘बुर्ज’वरून, फारसीमार्गे. ब्रॉखचं घराणं जर्मानिक: जुन्या नॉर्समधला, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतला, ‘बोर्ग’ म्हणजे गढी, इंग्रजीतला ‘बरो’ हा त्याचाच भाऊबंद. स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेत ‘र’ आणि स्वराने जागा बदलल्या, जसं ‘नुकसान’चं ‘नुसकान’ होतं. नातं जोडायचंच असेल तर ‘बृहत्’शी जोडा; दोन्हींचं मूळ ‘उंच’ अर्थाच्या एकाच धातूत असल्याचं साधारणपणे मानतात. अरबी ‘बुर्ज’ कुठून आला, यावर मात्र अभ्यासकांत वाद आहे.

हा शब्द नॉर्स, म्हणून ‘व्हायकिंगांचे किल्ले’ असंही लिहू नका. नॉर्स लोक येऊन वसले तेव्हा हे मनोरे शेकडो वर्षं जुने होते. बांधणारे त्यांना काय म्हणत, याची नोंद नाही. ‘ब्रॉख’ हे स्पेलिंगही पुराणवस्तू अभ्यासकांनी वापरायला घेतलं ते 1870 च्या दशकात.

नकाशावरचं नाव पाहून निष्कर्ष काढला की फसगत ठरलेली. फ्रेझरबर्ग गावाला आसपासचे लोक ‘द ब्रॉख’ म्हणतात, पण तिथे या शब्दाचा अर्थ सनदी नगर. उलट लुइस बेटावरचं डून कार्लोवे खरंखुरं ब्रॉख आहे, फक्त गेलिक भाषेच्या मुलखात ‘डून’ चालतं. म्हणून बांधकाम पाहा: चुन्याशिवाय रचलेला दगड, दोन भिंती, मधल्या पोकळीतून चढणारा जिना.

आणि नुसतं ‘किल्ला’ लिहून सोडू नका. वाचकाला राजगड दिसतो. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरचं मूसा, सगळ्यात चांगलं टिकलेलं ब्रॉख, सुमारे 13 मीटर उंच आणि बाहेरून 15 मीटर रुंद आहे. आतली मोकळी जागा जेमतेम 6 मीटर, बाकी सगळी भिंतच. तरी याच खोलीत 1153 मध्ये एरलेंड नावाचा सरदार, पळवून आणलेल्या मार्गारेटसह, वेढा सोसत राहिला. ऑर्कनी बेटांच्या सागेत, म्हणजे जुन्या नॉर्समधल्या गद्य कथेत, त्या जागेचं नाव येतं ‘मोसेयारबोर्ग’. शेवटचा ‘बोर्ग’ तोच.