फायबर बोटीवरचे स्वर्ल मार्क कसे काढावेत आणि जेलकोट उन्हापासून कसा जपावा

गडद रंगाची फायबर बोट तिरप्या उन्हात नीट बघा. उजेडाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसतील. हेच स्वर्ल मार्क. बोट रामटेकजवळच्या खिंडसी तलावात असो की घरच्या शेडमध्ये ट्रेलरवर, बहुतेक वेळा ते साफसफाई करणाऱ्या हातानेच पडलेले असतात. कोरड्या फडक्याने धूळ पुसली की त्यातली माती पॉलिश पेपरचं काम करते.

बोटीचा वरचा चकचकीत थर म्हणजे जेलकोट. हे रंगीत पॉलिस्टर रेझिन बोट घडवताना साच्यात सगळ्यात आधी मारतात. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे गाडीच्या रंगावरच्या पारदर्शक थराच्या (क्लिअर कोटच्या) जवळपास दहापट. त्यामुळे रबिंग करायला वाव बराच असतो. पण घासून गेलेला थर परत येत नाही, म्हणून कमीत कमी घासून काम होत असेल तर उत्तम.

आधी नेमकं काय झालंय ते ओळखा

तळहात बोटीवर दाबून फिरवा. हाताला खडूसारखी भुकटी लागली तर उन्हाने जेलकोटचा वरचा पापुद्रा मेलाय, म्हणजे ऑक्सिडेशन झालंय. हात स्वच्छ राहिला, पण मोबाईलच्या टॉर्चखाली गोल रेषा दिसल्या, तर ते स्वर्ल मार्क. नख ओरखड्यात अडकत असेल तर तो नुसत्या पॉलिशने जाणार नाही. तिथे १००० किंवा १५०० नंबरचा वॉटर पेपर, मग २०००, असं पाण्यासोबत हलक्या हाताने जावं लागतं. हा प्रयोग सवय नसलेल्याने घरी करू नये.

धुणं

आधी पाइपने भरपूर पाणी मारून माती वाहून जाऊ द्या. मगच कार शॅम्पू आणि मऊ मिट, म्हणजे धुवायचा हातमोजा, वापरा. दोन बादल्या ठेवा, एक शॅम्पूची, एक मिट खळबळायची. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडले असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून लावा, थोड्या वेळाने धुवून टाका. मायक्रोफायबरने टिपून कोरडं करा, रगडू नका. रबराच्या पट्ट्या, दोर बांधायच्या स्टीलच्या खुंट्या (क्लीट) आणि स्टिकरच्या कडांना मास्किंग टेप लावा. वाळलेलं कंपाउंड, म्हणजे रबिंगची पेस्ट, तिथल्या सांध्यांतून काढणं हे डोकेदुखीचं काम आहे.

वेळ आणि मशीन

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. तापलेल्या जेलकोटवर कंपाउंड पसरायच्या आतच वाळतं आणि मग तेच नवे ओरखडे पाडतं. म्हणून काम सावलीत आणि सकाळी करा. बोट हाताला गार लागली पाहिजे. जमलं तर हे काम हिवाळ्यातच उरकून घ्या.

मशीनचं मात्र स्पष्ट सांगतो. लोखंड कापायच्या ग्राइंडरला बफ लावून बोट चमकवणारे कारागीर भेटतील, त्यांना नम्रपणे नाही म्हणा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे घेतो. त्याने कडा जळतात आणि वर लाटांसारखे पट्टे उमटतात. स्पीड कमी-जास्त करता येणारी पॉलिशिंग मशीन हवी. नवख्याने ड्युअल ॲक्शन घ्यावी. ती गोल फिरता फिरता हलतेही, त्यामुळे चूक झाली तरी माफ होते. काम थोडं हळू होतं, इतकंच.

कंपाउंड, मग पॉलिश

दोन फूट बाय दोन फुटाचा एक तुकडा निवडा आणि सगळ्यात सौम्य उपायाने सुरुवात करा: फोम पॅड आणि बारीक पॉलिश. रेषा गेल्या तर संपूर्ण बोटीला तेवढंच पुरे. नाही गेल्या तर वूल (लोकरीचं) पॅड आणि कंपाउंड घ्या. पॅडवर तीन-चार थेंब टाका, मशीन बंद असतानाच तुकड्यावर पसरवा, मग मध्यम स्पीडवर आधी आडवं, मग उभं फिरवा. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढली पाहिजे. कंपाउंड कोरडं वाटलं तर पाण्याचा हलका फवारा मारा. पॅड भरलं की ब्रशने झाडा. कडांवर आणि कोपऱ्यांवर दाब देऊ नका, तिथेच जेलकोट आधी उडतो.

आता खरी तपासणी. बऱ्याच कंपाउंडमध्ये तेल आणि फिलर असतात. ते रेषा झाकतात आणि दोन धुण्यांनंतर त्या पुन्हा डोकं वर काढतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा, टॉर्च तिरपा धरून बघा. तेव्हाही साफ दिसलं तरच पुढे जा. वूल पॅड स्वतःही बारीक रेषा सोडतं, म्हणून शेवटी फोम पॅडवर बारीक पॉलिशची एक फेरी द्यावीच लागते.

संरक्षण

उघडा जेलकोट उन्हात पुन्हा पांढुरका पडणार, तेव्हा पॉलिश झाल्या दिवशीच वॅक्स किंवा सीलंट लावा. कार्नोबा या झाडापासूनच्या वॅक्सची झळाळी सुरेख, पण आपल्या उन्हाळ्यात ते लवकर उतरतं. बोट उघड्यावर असेल तर पॉलिमर सीलंट, म्हणजे कृत्रिम संरक्षक लेप, घ्या. पातळ थर द्या, धूसर झाला की पुसा, डबीवर लिहिलेल्या वेळेनंतर दुसरा थर द्या. चालायच्या जागी, म्हणजे खरबरीत डेकवर, वॅक्स लावू नका. ओल्या पायाने माणूस घसरून पडेल.

झाकायला प्लास्टिकची ताडपत्री नको. ती वाऱ्याने घासते आणि आत ओल कोंडते. कॅनव्हासचं, हवा खेळेल असं कव्हर टाका, तेही बोट धुऊन मगच. अधूनमधून बोटीवर पाणी शिंपडून बघा. थेंब गोल उभे राहिले तर वॅक्स शाबूत आहे. पाणी पसरून चिकटून बसलं तर नवा थर द्यायची वेळ झाली, आणि उन्हाळ्याआधी तो द्यावाच.