विधिमंडळ पक्षाचा नेता निवडताय? गोव्यात पुन्हा पुन्हा होणाऱ्या या चुका टाळा

एखाद्या पक्षाचे निवडून आलेले आमदार म्हणजे त्याचा विधिमंडळ पक्ष; बहुमत जुळलं तर त्याचाच नेता मुख्यमंत्री होतो. गोवा विधानसभेत आमदार ४०, बहुमताला लागतात २१. महाराष्ट्राच्या २८८ जणांच्या सभागृहात दोन-चार नाराज कुठेतरी जिरून जातात. पर्वरीत, म्हणजे गोव्याच्या विधानसभेत, तेवढ्यांनी सरकार पडतं, नाहीतर उभं राहतं. म्हणून इथे नेता कोण होणार याच्याआधी, ज्यांना ते पद मिळणार नाही ते उद्या कुठल्या बाकावर बसतील, याचा हिशेब मांडावा लागतो. तो मांडला नाही की पुढचं सगळं बिनसतं. गेल्या दहा-बारा वर्षांचा गोव्याचा अनुभव तरी हेच सांगतो.

निकाल लागल्यावर नावाचा विचार सुरू करणे

ही सगळ्यात महाग चूक आहे आणि तिचं उदाहरण गोव्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ११ मार्च २०१७ चा निकाल: काँग्रेस १७, भाजप १३, मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) ३, गोवा फॉरवर्ड ३, राष्ट्रवादी १, अपक्ष ३. मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर स्वतः मांद्रे मतदारसंघात पडले होते. काँग्रेसला फक्त चार जण जोडायचे होते.

पण निवडून आलेल्या त्या सतरा जणांत प्रतापसिंह राणे, रवी नाईक, दिगंबर कामत आणि लुईझिन फालेरो असे चार माजी मुख्यमंत्री होते. एकाला पुढे केलं की उरलेल्या तिघांचं काय, हे कोणी आधी ठरवलेलं नव्हतं. नावावरची चर्चा लांबत गेली. तिकडे १२ तारखेच्या संध्याकाळी मनोहर पर्रीकर २१ आमदारांचा पाठिंबा घेऊन राज्यपाल मृदुला सिन्हा यांच्यासमोर उभे राहिले आणि १४ तारखेला शपथही झाली. काँग्रेसने अखेर केप्याचे चंद्रकांत ऊर्फ बाबू कवळेकर यांना नेता केलं आणि सर्वोच्च न्यायालय गाठलं. पाठिंबा देणाऱ्या आमदारांची प्रतिज्ञापत्रं कुठे आहेत, हा प्रश्न तिथे आलाच. १६ मार्चला विश्वासदर्शक ठराव २२ विरुद्ध १६ मतांनी मंजूर झाला. काँग्रेसची मतं सतरा नव्हे, सोळाच पडली: वाळपईचे विश्वजित राणे मतदानाआधीच सभागृहाबाहेर गेले होते. त्यांनी आमदारकी सोडली, भाजपमध्ये गेले, मंत्री झाले आणि त्याच वाळपईतून पोटनिवडणूकही जिंकले.

दोष सगळा दिल्लीच्या माथी मारण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते अर्धंच खरं वाटतं. त्या दोन दिवसांत मगो आणि गोवा फॉरवर्ड यांनी पाठिंब्याची अट उघड सांगितली होती: मुख्यमंत्री पर्रीकर असतील तरच. म्हणजे त्यांनी पक्षाला नाही, माणसाला पाठिंबा दिला. छोटा पक्ष सही करताना आधी विचारतो, 'मुख्यमंत्री कोण?' या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याच्या सतरा आमदारांना दाराबाहेरच थांबावं लागतं.

उपाय साधा आहे, पण मतमोजणीच्या आधी करायचा आहे. पक्षश्रेष्ठींनी पाठवलेले निरीक्षक आदल्या दिवशीच पणजीत हवेत. नेतेपदाच्या इच्छुकांना समोरासमोर बसवून दोन गोष्टी कबूल करून घ्या: मतभेद झाले तर मतदान घ्यायचं, आणि हरणाऱ्याला काय मिळेल ते आजच बोलायचं. बैठक निकालाच्या रात्रीच लावा. पेडण्याहून काय, काणकोणहून काय, पणजीला पोचायला दोन-अडीच तास पुरे. 'सगळे आमदार अजून आले नाहीत' ही सबब गोव्यात चालत नाही. आमदार येत नसेल तर तो दुसऱ्या कुणाकडे बसलाय, एवढं समजून चाला.

एका ओळीच्या ठरावावर समाधान मानणे

'नेता निवडीचे सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना देण्यात येत आहेत.' हा ठराव पाच मिनिटांत होतो, टाळ्या पडतात आणि आमदारांच्या मनातलं मनातच राहतं. तो करायचाच असेल तर त्याआधी निरीक्षकांनी प्रत्येक आमदाराला एकेकटं भेटावं. खोलीत प्रदेशाध्यक्ष नको, इच्छुक तर नकोच. दोन तगडे दावेदार असतील तर चिठ्ठ्या टाकून मत घ्या आणि कोणाला किती मतं पडली ते निदान त्या दोघांना खरं सांगा. आपल्याला चार मतं आहेत हे कळलेला माणूस वाटाघाट करतो. ज्याला आकडाच सांगितला नाही, तो घरी जाऊन कारस्थान झालं म्हणतो.

जो हरला, त्याच्याच तोंडून नेत्याचं नाव पुढे यावं. २०२२ मध्ये भाजपने हे नेमकं केलं. २० आमदार आले होते, प्रमोद सावंत आणि विश्वजित राणे यांच्यातल्या चुरशीच्या बातम्या रोज छापून येत होत्या. २१ मार्चला नरेंद्रसिंह तोमर आणि एल. मुरुगन हे निरीक्षक म्हणून बसले आणि सावंतांचं नाव सुचवलं ते विश्वजित राणे यांनीच. निकालापासून अकरा दिवस गेले होते, तरी काही बिघडलं नाही, कारण मगोचे दोन आणि तिन्ही अपक्ष यांचा पाठिंबा आधीच हातात होता. उशीर परवडतो तो असा. नोव्हेंबर २०१४ मध्ये पर्रीकर संरक्षणमंत्री व्हायला दिल्लीला गेले आणि पार्सेकरांचं नाव झालं, तेव्हा उपमुख्यमंत्री फ्रान्सिस डिसोझा यांनी नाराजी चारचौघांत बोलून दाखवली होती. उपमुख्यमंत्रिपद कायम ठेवून ती मिटवावी लागली. तीच गोष्ट जाहीर होण्याआधी बंद दारामागे बोलली गेली असती, तर शोभा टळली असती.

कागद ढिसाळ ठेवणे

राज्यपालांकडे जोश चालत नाही, कागद लागतो. आणि कागद करताना हमखास गडबड होते ती सह्यांच्या पानावर. ठराव एका पानावर, सह्या दुसऱ्या कोऱ्या पानावर, मध्ये टाचणी. उद्या एखादा आमदार म्हणणार, 'मी हजेरीसाठी सही केली होती.' म्हणून ठरावाचा शेवटचा परिच्छेद आणि पहिली सही एकाच पानावर आणा. मजकूर फार सजवू नका:

'आज दिनांक ____ रोजी सायंकाळी ____ वाजता पणजी येथे झालेल्या बैठकीत, आम्ही खाली सही करणारे ____ पक्षाचे विधानसभा सदस्य, श्री./श्रीमती ____ यांची विधिमंडळ पक्षाचे नेते म्हणून निवड करीत आहोत. सूचक: ____. अनुमोदक: ____.'

खाली प्रत्येकाचं पूर्ण नाव, मतदारसंघ, सही आणि सहीची तारीख. तारखेविना सही घेऊच नका.

अपक्षांना या ठरावावर सही करायला लावणं हा तर आततायीपणा. निवडून आल्यावर अपक्ष एखाद्या पक्षात गेला तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, त्याची आमदारकी जाऊ शकते. त्याच्या पाठिंब्याचं पत्र वेगळं, राज्यपालांच्या नावे आणि त्याच्या स्वतःच्या लेटरहेडवर असू द्या. मित्रपक्षाचंही तसंच.

नेता निवडला की प्रतोदाचं (आमदारांना पक्षादेश, म्हणजे व्हिप, बजावणाऱ्याचं) नाव त्याच बैठकीत ठरवा आणि दोन्ही नावं पक्षाच्या अधिकृत पत्राने सभापतींना कळवा. हे पत्र आमदारांच्या गटाचं असून भागत नाही. महाराष्ट्रातल्या शिवसेना प्रकरणात ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की नेता आणि प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. बहुसंख्य आमदार आपल्या बाजूला आहेत म्हणून कागद आपोआप आपल्या बाजूला येत नाही.

बारा खुर्च्या एकवीस जणांना कबूल करणे

२००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनुसार मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांपेक्षा मोठं नको. ४० चे १५ टक्के म्हणजे सहा, पण छोट्या राज्यांना बारापर्यंत सूट आहे. मुख्यमंत्री धरून बारा. नेतेपदासाठी मतं गोळा करताना तेरावं मंत्रिपद कबूल केलं असेल, तर ते फुटणार कधी एवढंच बघायचं राहतं.

नेता आणून बसवणे

विरोधी बाकांवरही नेता निवडावाच लागतो आणि तिथे चूक झाली तर अख्खा गट जातो. १० जुलै २०१९ रोजी काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये विलीन झाले. पुढे होते खुद्द विरोधी पक्षनेते कवळेकर. ते उपमुख्यमंत्री झाले. दोन तृतीयांश आमदार एकत्र विलीन झाले तर पक्षांतरबंदीतून आमदारकी वाचते; तो हिशेब तंतोतंत जुळवला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये मगोच्या तिघांपैकी दोघांनी तेच केलं.

२०२२ ची गोष्ट आणखी बोलकी. निवडणुकीआधी काँग्रेसने उमेदवारांना महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसापाशी (क्रॉसपाशी) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. ११ आमदार आले. मग विरोधी पक्षनेता कोणाला केलं? जानेवारीतच भाजपचं मंत्रिपद सोडून आलेल्या मायकल लोबोंना. आधीचे विरोधी पक्षनेते दिगंबर कामत बाजूला पडले. जुलैमध्ये लोबोंना हटवलं आणि १४ सप्टेंबरला ११ पैकी ८ जण भाजपमध्ये गेले, लोबोही आणि कामतही. अकराचे दोन तृतीयांश म्हणजे आठ. सात असते तर भागलं नसतं. उरलेल्या तिघांतून युरी आलेमाव विरोधी पक्षनेते झाले.

शपथेची थट्टा सगळ्यांनी केली. माझ्या मते खरी चूक नेता निवडताना झाली: नव्याला पद देऊन बांधायला गेले आणि जुन्याला मोकळं सोडलं. हातातला गट किती जणांचा आहे आणि त्याचे दोन तृतीयांश किती, ते कागदावर लिहा. त्या संख्येएवढी माणसं एकट्या नेत्याच्या शब्दावर हलत असतील तर नेता दुसरा बघा. पुढे कोर्टात बघून घेऊ, असंही म्हणू नका. २०१९ च्या विलीनीकरणांवर उच्च न्यायालयाचा निर्णय फेब्रुवारी २०२२ मध्ये आला आणि तो गेलेल्यांच्या बाजूने होता. तोवर विधानसभेची मुदत संपत आली होती.

दरवेळी २१ च मोजणे

बहुमत हजर संख्येवर ठरतं. पर्रीकर १७ मार्च २०१९ ला वारले, त्याआधी डिसोझाही वारले होते, दोन आमदारांनी राजीनामे दिले होते. सभागृह ३६ वर आलं होतं. काँग्रेस १४ आमदारांसह सर्वात मोठा पक्ष म्हणून दावा सांगत होती. भाजपने दोन मित्रपक्षांना दोन उपमुख्यमंत्रिपदं देऊन १९ तारखेला पहाटे दोनच्या सुमारास सावंतांचा शपथविधी उरकला आणि २० तारखेला २० विरुद्ध १५ मतांनी ठराव जिंकला. तेव्हा नेतानिवडीच्या बैठकीला बसण्याआधी विधिमंडळ सचिवालयाकडून त्या दिवशीची सदस्यसंख्या विचारून घ्या, आणि आपला माणूस सभापतीच्या खुर्चीत बसणार असेल तर एक मत आधीच वजा करा.