गावातला वृंद चालवायचा असेल तर: हात शेवटी, पट्टी आधी

मी ३१ वर्षं बँकेत कॅश मोजली आणि गेली १४ वर्षं सांगलीत २८ जणांचा गाणाऱ्यांचा वृंद चालवतोय. १७ बायका, ११ पुरुष. साथीला पेटी, तबला, व्हायोलिन आणि जमेल तेव्हा बासरी. "आम्हालाही असं मंडळ काढायचंय, वृंदासमोर उभं राहून हात कसे करायचे ते शिकवा," असं म्हणत दर वर्षी कुणीतरी दारात येतं. हात मी शेवटी शिकवतो. आधी चहा, मग पट्टी, म्हणजे सा पेटीच्या कुठल्या सुरावर धरायचा ते.

बहुतेक मंडळं पट्टीवरच आपटतात. आपल्याकडच्या बायकांचा सा साधारण काळी चार-पाचला, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या-पाचव्या काळ्या सुरावर असतो आणि पुरुषांचा काळी एकला किंवा पांढरी दोनला. सगळ्यांना काळी एकमध्ये गायला लावलं की अंतऱ्यात बायकांचा आवाज चिरकतो. काळी चार धरली तर पुरुष एकतर खर्जात पुटपुटतात नाहीतर वर जाऊन ओरडतात. मग कुणीतरी शहाणा मधली पांढरी तीन सुचवतो, आणि तिथे दोन्ही बाजू सारख्याच हैराण होतात. मीही पहिली दोन वर्षं पांढरी तीनच वापरली. त्या कार्यक्रमांच्या कॅसेटी अजून आहेत, कुणाला ऐकवत नाही.

यातून वाट अशी. काळी चारला सा धरला की तिचा मध्यम, म्हणजे म, येतो काळी एकवर. ध्रुवपद बायकांना त्यांच्या काळी चारमध्ये द्या आणि एखादा अंतरा पुरुषांना काळी एकला सा मानून गाऊ द्या. मध्ये पेटीला तालाचं एक पूर्ण आवर्तन द्यायचं, म्हणजे कान नव्या षड्जावर, नव्या सा वर, बसतात. घाई केलीत तर पहिली ओळ हमखास वाकडी जाते. शेवटच्या ध्रुवपदाला बायका काळी चारमध्ये परत येतात, तेव्हा पुरुषांनी चाल गायची नाही, काळी चारचे सा आणि खालचा प धरून ठेवायचे. ऐकणाऱ्याला वाटतं, केवढी मोठी रचना बसवली आहे! तबला काळी एकचाच लावा. तोच बायकांचा मध्यम आणि पुरुषांचा षड्ज, एका तबल्यात काम भागतं. गाणं यमन रागातलं असेल तर मात्र हे जमत नाही. यमनचा तीव्र, म्हणजे चढा मध्यम आणि तबल्याचा शुद्ध मध्यम एकमेकांना खातात.

दोन आवाजांत गाण्याची हौस सगळ्यांनाच असते. संगीतकार सलील चौधरींनी १९५८ साली मुंबईत बॉम्बे यूथ कॉयर काढली, निदान तेव्हापासून तरी देशी चालींना दुसरा-तिसरा आवाज लावायचे प्रयोग चालू आहेत. पण त्यांच्या कानामागे पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास होता. आपण भूप रागापासून सुरुवात करावी. भूपात म आणि नि नाहीत, म्हणजे अर्ध्या अंतराने शेजारी बसलेले दोन स्वरच नाहीत. त्यामुळे एका गटाने ओळ सुरू करून दुसऱ्याने चार मात्रांनी मागून तीच ओळ धरली, तरी स्वर एकमेकांवर आपटत नाहीत. महिनाभर हेच करा. प्रत्येक स्वराला त्याच्यापासून वरचा तिसरा स्वर, म्हणजे त्याचा गंधार, चिकटवायचा प्रकार मात्र नको. त्यात राग मरतो आणि बसलेले लोक मोबाइल काढतात.

पेटी हा स्वतंत्र तापाचा विषय. तिचे स्वर जागच्या जागी हलवता येत नाहीत, म्हणून बाकी सगळ्यांनी तिच्याशी जुळवून घ्यायचं. जुनी पेटी कीबोर्डच्या शेजारी ठेवली की दोघांत किंचित फरक निघतो. तेव्हा कीबोर्डचा सूर बारीक सरकवा, पेटीवाल्याशी वाद घालू नका. आमचं भाग्य की तंतुवाद्यं बनवणाऱ्यांचं मिरज आठ-दहा किलोमीटरवर आहे. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणकार, बिघडली की सकाळी नेऊन द्यायचा, दोन दिवसांनी आणायचा.

आता हात. आमच्या पहिल्या गणेशोत्सवात मी झोकात हात खाली आणला. बायकांनी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, धरली, पुरुषांनी एक मात्रा वाट पाहिली, आणि तबलजी माझ्याकडे न बघता स्वतःच्या लयीत निघून गेला. चूक माझी होती. हात खाली आणण्याआधी मी श्वासच घेतला नव्हता. संचालकाने सुरुवातीच्या एक मात्रा आधी, येणाऱ्या लयीतच, सगळ्यांना दिसेल असा श्वास घ्यायचा. खांदे थोडे उचलले जातील, तोंड थोडं उघडेल. वृंद तुमच्या हातापेक्षा त्या श्वासावर सुटतो. गाणं समेवरून उठत नसेल, पाचव्या मात्रेवरून उठत असेल, तर श्वास चौथ्या मात्रेवर. केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात, समेला हात खाली, पाचव्याला वर, एवढं पुरतं. लय तबलजीची, तुम्ही ती दाखवायची, ओढायची नाही. त्याला आपल्या डोळ्यांसमोर बसवा, पाठीशी कधीच नको.

कणसूर लावणारा एक जण प्रत्येक मंडळात असतो, आणि तोच सगळ्यात आधी येऊन सतरंजी घालतो. त्याला "फक्त ओठ हलव" म्हणू नका. सा-प सारखे आधारस्वर धरायलाही देऊ नका, तिथली चूक सलग ऐकू येते. दोन पक्क्या आवाजांच्या मध्ये बसवायचं. आमच्या अशाच एका काकांचा सूर चार वर्षांनी लागला, आणि त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना भडंग खाऊ घातलं.

शिक्षणाबद्दल विचारतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत जरूर द्या. स्वरज्ञान पक्कं होतं आणि शाळेत नोकरी मागताना कागद लागतो. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचायला शिकलात तर व्हायोलिनवाला तुम्हाला मान देतो. पण वृंदासमोर उभं राहणं या परीक्षांत येत नाही. त्यासाठी वर्षभर दुसऱ्याच्या वृंदात मागच्या रांगेत गा.

पैशांचं रोखठोक सांगतो. महिन्याला माणशी ३०० रुपये वर्गणी, म्हणजे ८,४००. शाळेच्या वर्गाचं भाडं १,५००. तबलजी आणि पेटीवाला, दोघांना प्रत्येक तालमीचे ६०० प्रमाणे चार तालमींचे ४,८००. झेरॉक्स ३००. राहिले १,८००. ते माझं मानधन, आणि त्यातूनच बासरीवाल्याच्या येण्याजाण्याचे पैसेही जातात. या कामावर घर चालत नाही, निदान सांगलीत तरी. शाळेतली नोकरी, खाजगी शिकवण्या किंवा माझ्यासारखी पेन्शन, काहीतरी पाठीशी हवं. साथीदारांचे पैसे मात्र तालीम संपताच हातात द्या. सभासद उशिरा देतात, म्हणून तबलजीला थांबवायचं नाही.

या रविवारी सहा वाजता तालीम आहे. यायचं असेल तर वही आणा, आणि पायऱ्यांवर चपला काढताना कुत्र्याच्या शेपटीवर पाय देऊ नका. ते आमच्याबरोबर वरचा सा लावतं.