भावकीच्या भांडणात मध्यस्थी करायची तर

करवीर, कागल, पन्हाळ्याच्या गावांत मध्यस्थीला बोलावणं येतं ते बहुतेकदा बांध, सामाईक विहीर नाहीतर वाट यांच्यापायी. बोलावणारा म्हणतो, "आण्णा, तुम्ही सांगाल ते मान्य." पहिली चूक इथंच होते, कारण मध्यस्थानं निकाल सांगायचाच नसतो. दोघांनी लेखी कबूल करून तिसऱ्याच्या हाती निकाल सोपवला तर तो लवाद. त्याला 1996 चा वेगळा कायदा आहे. मध्यस्थ दोघांना हिशेबावर आणतो आणि तोड त्यांच्याच तोंडून निघू देतो. तुम्ही निकाल दिलात की ज्याला तो पटला नाही त्याच्या लेखी तुम्ही दुसऱ्याचे माणूस झालात.

बसण्याआधी कागद मागवा: चालू सातबारा, आठ अ (खातेदाराच्या नावावरची गावातली सगळी जमीन दाखवणारा उतारा), जुने फेरफार (सातबाऱ्यावरची नावं-हक्क बदलल्याच्या नोंदी), आणि मोजणी झाली असेल तर नकाशाची 'क' प्रत. सातबाऱ्यावर इतर हक्काचा रकाना आधी वाचा. विहिरीतला हिस्सा बऱ्याचदा तिथं लिहिलेला असतो. मग नावं मोजा. बैठकीला दोघं भाऊ येतात आणि सातबाऱ्यावर बहिणींचीही नावं असतात. त्यांना न विचारता केलेली वाटणी पहिल्या कर्जप्रकरणालाच अडते.

बैठक कोणाच्याच घरी नको. देऊळ, तालीम, सोसायटीचं कार्यालय, काहीही चालेल. दोन्हीकडून तीन-तीन माणसं पुरेत. जास्त आली की माणूस भावाशी बोलायचं सोडून मागच्यांना ऐकवायला बोलतो. मोबाईल खिशात ठेवायला सांगा. रेकॉर्डिंगचा संशय आला तर कोणी खरा आकडा बोलणार नाही.

प्रत्येकाला मध्ये न तोडता पंधरा मिनिटं द्या, मग एकेकाला बाजूला घेऊन बसा. तिथं ऐकलेलं तसंच पलीकडं न्यायचं नाही. उठताना विचारायचं, "यातलं काय सांगू, काय नको?" हा प्रश्न राहिला की मध्यस्थाचा निरोप्या होतो, आणि निरोप्याचं भांडण तिसरंच असतं.

बांधाच्या वादात आकडा काढून दाखवा. 330 फूट लांबीच्या बांधाला दीड फूट कोरला तर गेलं 495 चौरस फूट. गुंठा 1,089 चौरस फुटांचा, म्हणजे अर्धा गुंठासुद्धा नाही. याचा अर्थ 'सोडून द्या' असा नव्हे. ते म्हणणं तुमचं नाही. पण आकडा समोर आला की जमिनीचं भांडण किती आणि मानाचं किती हे दोघांनाही कळतं. मोजणीच झाली नसेल तर आधी भूमी अभिलेखकडं दोघांनी मिळून अर्ज करावा, खर्च अर्धा-अर्धा. एकट्यानं आणलेली मोजणी दुसरा मानत नाही.

खरा वेळ जातो विहिरीवर. समजा एकाचे दोन एकर, दुसऱ्याचा एक. पाणी 2:1 ठरलं. पाळी घड्याळाच्या तासांनी लावू नका, शेतीपंपाला वीज मिळेल त्या तासांनी लावा. फीडरचं, म्हणजे शेतीला वीज आणणाऱ्या लाइनचं, दिवस-रात्रीचं वेळापत्रक वारानुसार असेल तर सात दिवसांचं चक्रही नको. तसं केलं तर रात्रीचं पाणी पाजणं कायम एकाच्याच गळ्यात पडतं आणि दोन महिन्यांत वाद पुन्हा उभा. सहा दिवसांचं चक्र धरा: चार दिवस याचे, दोन त्याचे. वार आपोआप सरकत जातात. वीज गेली तर बुडालेले तास कोणाचे, हे लिहा. नाहीतर उसाला ताण बसला की तेच निमित्त. मोटार जळाली तर खर्चही 2:1, म्हणजे 9,000 चं बिल आलं तर 6,000 आणि 3,000. स्टार्टरच्या पेटीत वही बांधून ठेवा, चालू-बंदची वेळ ज्यानं केली त्यानं लिहायची.

वाटेच्या भांडणात तारखेकडं लक्ष असू द्या. वाट अडवली तर 1906 च्या मामलेदार कोर्ट ॲक्टखाली तहसीलदाराकडं सहा महिन्यांत जावं लागतं. गावात बैठका चालल्यात म्हणून ती मुदत थांबत नाही. 'बसून मिटवू' म्हणत सात महिने काढणारा मध्यस्थ अडलेल्याचं नुकसान करतो.

बलात्कार, पोक्सो, ॲट्रॉसिटी असल्या प्रकरणांत बसायचंच नाही. ती तडजोडीनं मिटत नाहीत, आणि मिटवायला बसणाराच अडचणीत येतो.

ठरलेलं लिहिताना 'सामंजस्यानं वागावे' असली वाक्यं टाळा. कोण, काय, किती, कधीपासून, एवढंच लिहा. नोटरी केली म्हणून जमीन नावावर होत नाही. त्याला दुय्यम निबंधकाकडं नोंदलेला दस्त लागतो. वाद दाव्यापर्यंत गेलेला नसला तरी तालुका किंवा जिल्हा विधी सेवेकडं अर्ज करून तडजोड लोकअदालतीत ठेवता येते. तिथल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. म्हणूनच सही करण्याआधी दोघांना मजकूर मोठ्यानं वाचून दाखवा, तोही त्यांच्या घरच्यांसमोर. पाण्याच्या दोन फेऱ्या झाल्या की स्टार्टरची वही घेऊन पुन्हा एकदा बसा. आकडे तेव्हाच दुरुस्त होतात.