डॅशकॅमच्या व्हिडिओतून जीपीएस ट्रॅक काढताना या चुका टाळा

डॅशकॅमच्या एमपी४ फाइलमध्ये चित्र आणि आवाज यांच्या जोडीला गाडीचे स्थान, वेग आणि वेळ यांची नोंदही असू शकते, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येते ती अपघातानंतर, पंचनामा होऊन विम्याचा दावा दाखल करायची वेळ आल्यावर. मग घाईघाईने एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाकली जाते आणि ट्रॅक एक तर निघतच नाही, किंवा नकाशावर भलतीकडेच उमटतो. ओळखीच्या लोकांसाठी अशा बऱ्याच फायली मी उघडून पाहिल्या आहेत. त्यांत कॅमेराच बिघडलेला आहे असे क्वचितच आढळले.

व्हिडिओ आला, नोंद मागेच राहिली

सर्वांत महाग पडणारी चूक सॉफ्टवेअर उघडण्याआधीच झालेली असते. नोव्हाटेकच्या चिपवर चालणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांत जीपीएसची नोंद स्वतंत्र ट्रॅक म्हणून नसते. चित्राच्या डेटामध्येच ठिकठिकाणी तिचे लहान ठोकळे पेरलेले असतात आणि कोणता ठोकळा कुठे आहे याची अनुक्रमणिका फाइलच्या ‘मूव्ह’ (moov) या, फाइलची माहिती ठेवणाऱ्या भागात असते. व्हिडिओ दाखवायला या ठोकळ्यांची गरज नसल्यामुळे फाइल नव्याने लिहिणारे एडिटर ते सहसा गाळून टाकतात. एफएफएमपेग या व्हिडिओ कापण्या-जोडण्याच्या मोफत साधनाने दर्जा जराही कमी न करता नुसता तुकडा कापला, तरी हे ठोकळे गळतात. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेल्या फाइलचीही तीच गत होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर मात्र ती जशीच्या तशी पोचते. चित्राच्या कोपऱ्यात अक्षांश-रेखांश दिसतात म्हणून निर्धास्त राहू नये, कारण ती अक्षरे चित्राचाच भाग असतात आणि मागची नोंद गळाली तरी ती दिसतच राहतात.

त्यामुळे मेमरी कार्ड त्याच दिवशी काढावे, कारण लूप रेकॉर्डिंग जुन्या फायलींवर नव्या फायली लिहीत जाते. कार्ड रीडरने संपूर्ण कार्डाची प्रत घ्यावी, केवळ एमपी४ फायलींची नव्हे. काही कॅमेरे जीपीएसची नोंद व्हिडिओबाहेर, वेगळ्या लहान फाइलमध्ये ठेवतात. प्रकरण न्यायालयात जाण्याची शक्यता असेल तर मूळ फाइलचे एसएचए-२५६ हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा, तेव्हाच काढून ठेवावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात तो लिहावा लागतो.

एकच बिंदू मिळतो

फिल हार्वी यांचे एक्झिफटूल हे मोफत साधन या कामासाठी मला सर्वांत भरवशाचे वाटते, पण ते नुसते चालवले तर बऱ्याचदा एखादाच बिंदू हाती लागतो, किंवा तोही लागत नाही. फाइलच्या पोटातला डेटा वाचण्यासाठी ‘ईई’ (-ee) हा पर्याय द्यावा लागतो, आणि तो दिला नाही तर साधन स्वतःच तशी सूचना दाखवते. ती सूचना न वाचताच लोक ‘यात जीपीएस नाही’ असा निष्कर्ष काढतात. टीएस प्रकारच्या (.ts नावाच्या) व्हिडिओ फाइलसाठी ‘ईई३’ (-ee3) लागतो. जीपीएक्स, म्हणजे नकाशावर दाखवता येणारी ट्रॅकची फाइल, बनवण्याचा साचा साधनाबरोबरच मिळतो, तेव्हा तो हाताने लिहीत बसू नये.

पुण्याचा ट्रॅक सह्याद्रीत

स्वतः प्रोग्राम लिहून डेटा काढणाऱ्यांची ही चूक इतकी सर्रास आढळते की ती नीट समजून घ्यायला हवी. कॅमेऱ्यात अक्षांश बहुधा १८३१.२०६० अशा रूपात असतो. याचा अर्थ १८ अंश आणि ३१.२०६० मिनिटे. मिनिटांना ६० ने भागले की १८.५२०१ अंश मिळतात. त्याचप्रमाणे रेखांश ७३५१.४०४० म्हणजे ७३.८५६७ अंश, आणि हा बिंदू शनिवारवाड्याच्या आसपास पडतो. पण ६० ने न भागता नुसते दशांशचिन्ह सरकवले तर १८.३१२०, ७३.५१४० असे आकडे येतात आणि तोच बिंदू सुमारे ४३ किलोमीटर दूर, तोरणा किल्ल्याच्याही पश्चिमेला जाऊन पडतो.

ही चूक नकाशापेक्षा आकड्यांत लवकर सापडते. मिनिटे ६० पर्यंत कधीच पोचत नसल्याने दशांशचिन्हानंतरचा भाग .५९९९ च्या पुढे जात नाही. मुंबईहून पुण्याला येताना वाशीजवळ रेखांश ७२.५९९९ वरून एकदम ७३.०० वर उडी मारतो, आणि पनवेलच्या आसपास अक्षांश १९.०० वरून १८.५९९९ वर येतो. प्रत्येक उडी चाळीस किलोमीटरच्या वर भरते. अशा उड्या दिसल्या की दुसरे काहीही शोधायची गरज नाही.

अक्षांश-रेखांशाजवळचे दिशेचे अक्षर (उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम) वगळले तरी ट्रॅक असाच भरकटतो. भारतात उत्तर आणि पूर्व दोन्ही धन असल्यामुळे ही चूक इथे कधी लक्षात येत नाही. पण तोच प्रोग्राम न्यू जर्सीतल्या नातेवाइकाला दिला, तर पश्चिम रेखांशाचे ऋणचिन्ह नसल्याने त्याची गाडी किरगिझस्तानात धावताना दिसते.

वेग आणि वेळ

वेग बहुतेकदा नॉट या सागरी एककात असतो, ताशी किलोमीटरसाठी त्याला १.८५२ ने गुणावे. ५४ हा आकडा म्हणजे ताशी १०० किलोमीटर. वेळेच्या बाबतीत नोंदीतली वेळ आणि खरी वेळ यांत फरक नेमका किती आहे, हे आधी मोजावे. तो बरोबर साडेपाच तासांचा असेल, तर आंतरराष्ट्रीय वेळ आणि भारतीय वेळ यांची गल्लत झाली आहे. अकरा तासांचा असेल, तर दुरुस्ती करताना साडेपाच तास उलट दिशेने धरले गेले आहेत. आणि सात-आठ मिनिटांसारखा आडनिडा असेल, तर कॅमेऱ्याचे घड्याळच चुकलेले आहे. तारीख १,०२४ आठवडे मागची दिसली तर त्याचे मूळ ६ एप्रिल २०१९ रोजी जीपीएसच्या आठवड्यांची मोजणी पुन्हा शून्यावर आली, त्यात शोधावे. जुन्या रिसीव्हरना हा बदल कळत नाही.

बोगद्यातली सरळ रेघ

नोंदीतले ‘ए’ हे अक्षर स्थान मिळाल्याचे आणि ‘व्ही’ हे अक्षर ते न मिळाल्याचे दर्शवते. गाडी सुरू केल्यावरच्या पहिल्या काही क्षणांत, किंवा धातूचा अंश असलेली फिल्म काचेवर लावलेली असेल तर बराच वेळ, ‘व्ही’च येत राहतो, आणि ते बिंदू गाळले नाहीत तर ट्रॅक शून्य अक्षांश-रेखांशापासून, म्हणजे आफ्रिकेजवळच्या समुद्रातून सुरू होतो. पुढच्या आणि मागच्या कॅमेऱ्याच्या फायली एकत्र मिसळल्या, तर रेघ करवतीच्या दातांसारखी पुढे-मागे होते. सेकंदाला एक नोंद असेल, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला लागोपाठच्या दोन बिंदूंत सुमारे २८ मीटर अंतर यायला हवे, हे तपासले की फायलींचा चुकलेला क्रम आणि गहाळ झालेले तुकडे लगेच उघडे पडतात.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या भाताण किंवा माडप बोगद्यात नोंद तुटते, आणि अनेक सॉफ्टवेअर दोन्ही टोके सरळ रेघेने जोडून टाकतात. तिथला वेग अंदाजाने भरू नये. दाव्याच्या कागदांत तो आकडा मोजलेला समजला जाईल आणि त्यावरून एखाद्या चालकावर अन्याय होऊ शकतो. जीपीएक्समध्ये एकाच ट्रॅकचे अनेक खंड ठेवण्याची सोय आहे. बोगद्याच्या तोंडाशी एक खंड संपवावा, आणि बाहेर आल्यावर पुन्हा ‘ए’ दिसू लागला की दुसरा सुरू करावा.