पोट आत न ओढता नाचायचं कसं

सगळ्यात आधी आरशावर ओढणी टाका. खरंच सांगतेय. नाच शिकायचा म्हणून आपण आरशासमोर उभ्या राहतो आणि दोन मिनिटांत नाच राहतो बाजूला, दंड, पोट, हनुवटीखालचं मांस हेच बघत बसतो. महिनाभर तरी आरसा नको, आणि मोबाईलचा कॅमेरा तर नकोच नको.

हे का सांगतेय, तर मी स्वतः चार वर्षं नाचले नव्हते. सांगलीतच एका घरच्या हळदीला मनसोक्त नाचले, कुणीतरी व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली एकीनं लिहिलं, "पोट बघा कसं हलतंय." त्यानंतर कुठल्याही कार्यात मी खुर्चीवर, सगळ्यांच्या पर्सा माझ्या मांडीवर. तेव्हा वजन ७८ किलो होतं, आज ७४ आहे, म्हणजे फार काही फरक नाही, पण आज मी नाचते. वजन उतरलं की मग नाचू असं ठरवून बसू नका, त्याची वाट बघण्यात वर्षं जातात.

सुरुवात पायांपासून करा. शाळेत लेझीम केली असेल ना, तीच उभं राहायची पद्धत, पाय खांद्याइतके लांब, गुडघे किंचित वाकलेले, कंबर खाली. आपल्या सांगलीकडची लेझीम १९८२ ला दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनात झाली होती, तेव्हा लाजायचं कशाला! घुंगरू असतील तर बांधा, नाहीतर पैंजण चालतील, आणि आठ मोजत नुसतं पाऊल वाजवा. आवाज आला की लक्ष कानाकडं जातं आणि आपण कशा दिसतोय हे डोक्यातून हळूहळू निघून जातं. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरे. फरशीवर सतरंजी घालू नका, मोजेही नकोत, दोन्ही घसरतात.

आता पोट. ते हलणार, हलू दे. आत ओढून धरलं की श्वास छातीतच अडकतो, एका गाण्यात धाप लागते आणि आपल्याला वाटतं जाडीमुळं लागली. पहिल्यांदा पोट सोडून नाचले तेव्हा मला रडू आलं होतं, इतकी वर्षं ते आवळून धरलंय हेच माहीत नव्हतं. पदर किंवा ओढणी कंबरेला घट्ट खोचा, झाकायला म्हणून नाही, कंबर कुठं वळतेय ते हाताला आणि अंगाला कळावं म्हणून.

पंधरा दिवसांनी एक मैत्रीण नाहीतर जाऊ, नणंद कुणीतरी धरा आणि फुगडी घाला. माझ्या मते अंगाबद्दलची लाज घालवायला फुगडीसारखं दुसरं काही नाही. काचेच्या बांगड्या आणि अंगठ्या काढून ठेवा, चवडे चवड्यांना भिडवा, हातांची कैची करून मनगटं धरा (बोटं नाही, बोटं सुटतात), कोपर सरळ करून मागं झुका आणि बारीक बारीक पावलं टाकत फिरा. नजर समोरच्या बाईच्या तोंडावर ठेवा म्हणजे चक्कर येत नाही. थांबताना वेग कमी करत थांबा, झटकन हात सोडायचा नाही. इथं गंमत अशी की अंग चोरून उभं राहिलात तर फुगडी फिरतच नाही, वजन मागं टाकावंच लागतं, तुमच्या वजनावर समोरची तोललेली असते. आमच्या शेजारच्या काकू चांगल्या अंगानं भरलेल्या आहेत, मंगळागौरीला बारीक पोरी त्यांच्याच हाताला लागायला रांग लावतात, "काकूंची पकड सुटत नाही" म्हणून. त्यांना तसं फिरताना बघितलं आणि मी मांडीवरच्या पर्सा खाली ठेवल्या.

गुडघे दुखत असतील तर बसफुगडी करू नका. नुकतं बाळंतपण किंवा ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरना विचारल्याशिवाय उड्या नकोत, झिम्मा सावकाश खेळा, त्यातही मजा आहे.

लोकं बोलणारच. "जाड झालीस गं" म्हणणारी मावशी प्रत्येक घरात असते, तिच्याशी वाद घालत बसू नका, "हो मावशी, या की, धरा हात" म्हणा आणि खरंच हात पुढं करा. अर्ध्या वेळा ती येते. माझी आली. पण ग्रुपवर न विचारता व्हिडिओ टाकला तर मात्र स्पष्ट सांगायचं, काढून टाक. आणि आटपाडी, जतकडं धनगरांचा गजी नाच कधी मिळाला तर जाऊन बघा, पांढऱ्या मिशांचे आजोबा ढोलावर रुमाल उडवत असतात, कुणाचं पोट सुटलंय कुणाचा खांदा उतरलाय तिकडं एकाचंही लक्ष नसतं, सगळ्यांचं लक्ष ढोलाकडं.

महिन्यानं आरशावरची ओढणी काढा, पण लगेच समोर उभ्या राहू नका. आधी गाणं लावा, पाय चालू करा, घाम येऊ दे, मग वळून बघा.