मोठी सात्या आणि बारीक सात्या: वारुळावर ओळखायची कशी?

पावसाळ्यात गडचिरोली-चंद्रपूरकडच्या बाजारात येणाऱ्या सात्या, म्हणजे खायच्या रानअळंब्या, उधईच्या (वाळवीच्या) बुरशीतून उगवतात. उधई जमिनीखाली ही बुरशी पाळते. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. तिच्या दोन जाती इथे पाहू.

मोठी, म्हणजे टर्मिटोमायसिस हायमी. छत्री पांढरी, मधोमध करडा उंचवटा, दांड्याला पक्की चिकटलेली कडी. खरी खूण मात्र मातीत असते. दांडा ओढू नका, तुटतो. टोकदार काठीने बाजूची माती सैल करत खाली जा. दांडा निमुळता होत मुळासारखा उधईच्या घरट्यापर्यंत उतरलेला दिसेल. कुदळीने वारूळ फोडलं तर पुढच्या वर्षीचं पीक गेलं.

बारीक, म्हणजे टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस. छत्री जेमतेम एक-दोन सेंटीमीटर, पण एका जागी शेकड्यांनी. उधई जुन्या बुरशीचे तुकडे बाहेर आणून पसरते, त्यांतून ती जमिनीच्या वरच उगवते. म्हणून हिला लांब मूळ नसतं, आणि मोठीची हमखास खूण इथे कामाची नाही. एकटीदुकटी बारीक पांढरी छत्री दिसली तर तिला हात लावू नका.

दोन्हींसाठी चालणारी परीक्षा ठशाची, म्हणजे छत्रीतून कागदावर पडणाऱ्या बीजाणूंच्या रंगाची. उमललेल्या छत्रीचा दांडा कापा, छत्रीखालच्या पातळ पडद्यांची बाजू खाली करून अर्धी पांढऱ्या, अर्धी काळ्या कागदावर ठेवा आणि रात्रभर वाटी झाका. सात्यांचा ठसा फिकट गुलाबीसर येतो. हिरवट आला तर ती क्लोरोफायलम ही विषारी अळंबी: काही तासांत उलट्या-जुलाब. तिचे पडदे कोवळेपणी पांढरेच असतात, फसगत तिथेच होते. ठसा पांढराशुभ्र आला किंवा दांड्याच्या बुडाशी पिशवीसारखी वाटी दिसली तर सगळंच फेकून द्या. या खुणा अ‍ॅमॅनिटा या अळंब्यांच्या; त्यांच्या काही जाती जीवघेण्या असतात, त्यांचा त्रास सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू होतो आणि शिजवून विष जात नाही. कळीचा ठसा उमटत नाही, त्यामुळे न उमललेल्या छत्र्या या परीक्षेत बसत नाहीत. ठसा गुलाबीसर आला तरी तेवढ्यावर विसंबू नका. बाकीच्या खुणा जुळल्या पाहिजेत आणि जाणत्या माणसाने पाहिलं पाहिजे. लसूण काळा पडतो, चांदी काळवंडते, या परीक्षा साफ खोट्या.

आळ्या लवकर पडतात, त्यामुळे ठसा पाहून खात्री झाली की लगेच शिजवा. ठसा येईपर्यंत बाकीच्या टोपलीत मोकळ्या, थंड जागी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटून सडतात. बारीक सात्यांची माती निघता निघत नाही, दोन-तीन पाण्यांत धुवा. वीस मिनिटं तरी शिजू द्या.